जुन्या लॅपटॉपमध्ये कोणता प्रोसेसर बसेल, हे आधी मदरबोर्डला विचारा

"ताई, यात आय-सेव्हन टाकून द्या." जुना लॅपटॉप घेऊन माझ्या सांगलीच्या दुकानात येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं पहिलं वाक्य हेच असतं. मी आधी लॅपटॉप उलटा करते आणि मागचा मॉडेल नंबर वाचते. आय-सेव्हन हे नाव इंटेलने कितीतरी चिपांना, म्हणजे प्रोसेसरना, दिलंय. त्यातल्या काही तुमच्या मशीनमध्ये बसतील, काही सॉकेटमध्ये, म्हणजे चिपेसाठीच्या खाचेत, बसूनही चालू होणार नाहीत आणि बहुतेक तर आत जाणारच नाहीत. कुठली चालणार हे मदरबोर्ड, म्हणजे चिप जिच्यावर बसते ती मुख्य पाटी, ठरवतो, म्हणून चौकशीची सुरुवात त्याच्यापासून करायची. चिप नंतर.

त्याआधी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगते. लॅपटॉपमध्ये अजून फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर प्रोसेसरचा विषय बाजूला ठेवा. साटा एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घाला, रॅम आठ जीबी करा आणि आठवडाभर वापरून बघा. विंडोज सुरू व्हायला लागणारा वेळ, क्रोम उघडताना होणारा खोळंबा, एक्सेलची फाइल उघडताना फिरत राहणारं वर्तुळ, हे सगळं बहुतेक वेळा डिस्कमुळे असतं. एवढं करूनही काम अडत असेल आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरची रेघ शंभर टक्क्यांना चिकटून राहत असेल, तरच पुढचं वाचा.

चिप सुटी आहे की चिकटवलेली?

सगळ्यात मोठी चाळणी हीच. इंटेलच्या लॅपटॉपसाठीच्या सुट्या, म्हणजे सॉकेटमध्ये बसणाऱ्या चिपा चौथ्या पिढीपर्यंतच आल्या. (या काळातल्या चार आकडी नंबराचा पहिला आकडा म्हणजे पिढी: आय५-४२००एम ही चौथी.) पाचव्या पिढीपासून लॅपटॉपसाठी काढलेली प्रत्येक चिप मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते. तुमचा लॅपटॉप पाचव्या, सहाव्या, आठव्या पिढीचा असेल तर प्रोसेसर बदलायचा विचार इथेच सोडा. सोल्डर केलेली चिप काढून दुसरी बसवायला खास मशीन आणि तयार हात लागतात. तेवढ्या खर्चात जास्त चांगला जुना लॅपटॉप मिळतो.

चौथ्या पिढीपर्यंतही सगळ्याच चिपा सुट्या नाहीत. नंबराच्या शेवटची अक्षरं बघा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीत एम, क्यूएम, एक्सएम, तर चौथ्या पिढीत एम, एमक्यू, एमएक्स ही सुट्या चिपांची अक्षरं. शेवटी यू, वाय, एच किंवा एचक्यू असेल तर चिप चिकटवलेली. आय५-४२००एम, आय५-४२००यू आणि आय५-४२००एच ही तीन नावं एकाखाली एक लिहून बघा. आकडा एकच, पण पहिली तेवढी सॉकेटमध्ये बसते. बाकीच्या दोन बोर्डासकटच विकल्या गेल्या.

आणि एम हे अक्षर दिसलं म्हणजे चिप सुटी असेलच, असंही नाही. आय५-३२१०एम ही चिप इंटेलने दोन्ही प्रकारांत काढली होती. २०१२ च्या तेरा इंची मॅकबुक प्रोमध्ये हीच चिप आहे आणि ती पक्की सोल्डर केलेली आहे. म्हणून मी दोन ठिकाणी खात्री करते. इंटेलच्या वेबसाइटवर त्या चिपच्या पानावर सॉकेटची ओळ असते. तिथे एफसीपीजीए हा शब्द दिसला तर चिप पिनांची, म्हणजे सुटी. एफसीबीजीए दिसला तर चिकटवलेली. दोन्ही दिसले, तर तुमच्या मशीनमध्ये नेमकी कुठली आहे ते सीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये पॅकेजच्या रकान्यात बघा. तरीही शंका उरली तर झाकण उघडून हीटसिंक, म्हणजे चिपेची उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग, काढायची. सुट्या चिपेच्या सॉकेटला कडेला एक स्क्रू असतो आणि त्याच्याजवळ उघड्या आणि बंद कुलपाची छोटी चित्रं असतात. ती दिसली की प्रश्नच मिटला.

एएमडीचं थोडक्यात सांगते. ए-सिरीजच्या पहिल्या चिपांना, म्हणजे ए८-३५००एम वगैरेंना, एफएस१ सॉकेट होता. ए१०-४६००एम आणि ए१०-५७५०एम नंतरच्या एफएस१आर२ मधल्या. नावं जवळची असली तरी पिढी बघूनच चिप घ्या. माझ्याकडे एएमडीच्या मशीन कमी येतात. आलेल्या ग्राहकांनाही मी शक्यतो रॅम आणि एसएसडीवर भागवायला सांगते, कारण त्या सॉकेटमधली वरची चिप टाकूनही फरक थोडाच पडतो.

पिना तितक्याच, तरी बसत नाही

सुटी चिप आहे म्हटल्यावर माणसं खूश होतात आणि लगेच ऑनलाइन शोधायला लागतात. जरा थांबा. पहिल्या पिढीच्या, म्हणजे आय५-५२०एम सारख्या चिपांचा सॉकेट जी१. दुसऱ्या आणि तिसऱ्या पिढीचा जी२. दोन्हींना ९८८ पिना आहेत, पण त्यांची मांडणी वेगळी आहे. पहिल्या पिढीच्या मशीनमध्ये दुसऱ्या पिढीची चिप जोर लावून घालायला गेलात तर पिना वाकतील. चौथ्या पिढीचा सॉकेट जी३ आणखी निराळा. त्याआधीच्या कोअर टू ड्युओमध्ये वेगळीच गंमत आहे: 'पी' हा सॉकेट तोच असला तरी बसचा, म्हणजे चिप आणि बोर्ड यांच्यातल्या देवाणघेवाणीचा, वेग जुळायला लागतो. ९६५ चिपसेट (बोर्डावरची चिपेची जोडीदार चिप) ८०० मेगाहर्ट्झपर्यंतच जातो, त्यामुळे त्यावर टी९३०० चालते, पण १०६६ ची टी९६०० चालत नाही.

जी२ दोन पिढ्यांना सारखा, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या लॅपटॉपमध्ये तिसरीची चिप चालेल, असं वाटणं साहजिक आहे. चिप बसतेसुद्धा. पण मशीन चालू करायचं काम बोर्डावरच्या बायोस या सॉफ्टवेअरचं आणि त्याला त्या चिपची ओळख असावी लागते. लेनोवोचा दुसऱ्या पिढीचा थिंकपॅड टी४२० हे याचं सरळ उदाहरण. सॉकेट तोच आहे, तरी लेनोवोच्या मूळ बायोसवर तिसऱ्या पिढीची चिप सुरू होत नाही. कोरबूट हा मुक्त बायोस घातला की होते. पण कोरबूट घालायचा म्हणजे बायोसची चिप प्रोग्रामर नावाच्या उपकरणाने बाहेरून लिहायची. हाताला सवय नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. उलट दिशेने मात्र चालतं. तिसऱ्या पिढीच्या टी४३० मध्ये दुसरीची चिप चालते, फक्त तसं करून फायदा काही होत नाही.

म्हणून माझा नियम सोपा आहे. आपल्याच पिढीत राहा आणि कंपनीची सर्व्हिस मॅन्युअल काढा. लेनोवो तिला हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल म्हणते, एचपी मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड, डेल ओनर्स मॅन्युअल. तिन्हींच्या पीडीएफ फुकट मिळतात. त्यात किंवा त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनच्या कागदात कंपनीने स्वतः कुठल्या चिपा घालून ते मशीन विकलं, त्याची यादी असते. त्या यादीतली चिप घेतली तर सॉकेट, चिपसेट, बायोस हे तिन्ही प्रश्न एका फटक्यात सुटतात. यादीबाहेरचीही चालू शकते, पण मग त्याच मॉडेलमध्ये तीच चिप कुणी चालवलीय का, ते आधी शोधायचं.

आता खरी निवड

विट्याचा एक मुलगा, सिव्हिलचा डिप्लोमा करणारा, डेलची लॅटिट्यूड ई६४३० घेऊन आला होता. कंपन्यांतून निघालेल्या या मशीन जुन्या बाजारात भरपूर मिळतात आणि मला त्या आवडतात. खालचं झाकण काढलं की पंखा, हीटसिंक, रॅम सगळं समोर येतं. त्याच्या मशीनमध्ये आय५-३३२०एम होती: दोन कोअर, चार थ्रेड, २.६ गिगाहर्ट्झ, टर्बोवर ३.३, ३५ वॉट. (कोअर म्हणजे चिपेतले काम करणारे भाग, थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं, टर्बो म्हणजे गरजेपुरता वाढणारा वेग, आणि वॉटवरून उष्णता कळते.) एका विक्रेत्याने त्याला आय७-३५२०एम देऊ केली होती. "ताई, आय-सेव्हन आहे, स्वस्तात देतोय."

मी त्याला वहीत दोन ओळी लिहून दाखवल्या. आय७-३५२०एम हिलाही दोनच कोअर आणि चारच थ्रेड. टर्बो ३.६. म्हणजे ३.३ वरून ३.६, फार तर नऊ टक्के. नाव आय-सेव्हन असलं तरी लॅपटॉपच्या त्या काळातल्या एम अक्षराच्या आय-सेव्हन दोन कोअरच्या आहेत. चार कोअर हवे असतील तर क्यू हे अक्षर शोधायचं.

मग त्याला विचारलं, दिवसभर काय करतोस? ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग, आणि रात्री ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर, म्हणजे मॉडेलचं पक्कं चित्र बनवायला, लावून झोपतो, म्हणाला. इथेच सगळं ठरतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. ऑटोकॅडमध्ये रेघा मारताना, झूम करताना बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. तिथे एका कोअरचा टर्बो वेग कामाला येतो. रेंडरला मात्र जितके कोअर द्याल तितके तो वापरतो. ई६४३० मध्ये बसणाऱ्या चार कोअरच्या चिपांपैकी दोन मी समोर ठेवल्या. आय७-३६३२क्यूएम: चार कोअर, आठ थ्रेड, २.२ गिगाहर्ट्झ, टर्बो ३.२, ३५ वॉट. आणि आय७-३७४०क्यूएम: तेवढेच कोअर, २.७, टर्बो ३.७, पण ४५ वॉट.

पहिल्या चिपेचा टर्बो त्याच्या जुन्या आय-फाइव्हपेक्षाही ०.१ ने कमी आहे, हे नीट बघा. म्हणजे ती टाकून ऑटोकॅड जराही पळणार नाही, रेंडर तेवढा लवकर होईल. दुसरी दोन्हींत पुढे, पण ती दहा वॉट जास्त उष्णता ओकते. आणि या मुलाच्या मशीनमध्ये वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. ई६४३० दोन प्रकारांत येते. एनव्हिडियाच्या एनव्हीएस ५२००एम चिपेसह असलेल्या बोर्डाची हीटसिंक वेगळी आणि मोठी असते. साध्या बोर्डाची लहान. लहान हीटसिंकवर ४५ वॉटची चिप चालते खरी, पण रात्रभराच्या रेंडरला ती तापून स्वतःच वेग कमी करणार. मग जास्त पैसे मोजून घेतलेली गिगाहर्ट्झ मिळतच नाहीत.

त्याने ३५ वॉटची घेतली. माझाही कौल तिलाच होता. ऑटोकॅड त्याचं आधीही अडत नव्हतं, रेंडरमुळे मशीन रात्रभर अडकून पडत होतं. त्याचं काम उलटं असतं, म्हणजे फक्त ड्राफ्टिंग असतं, तर ती दोन कोअरची आय७-३५२०एमच जास्त उपयोगी पडली असती. त्यातही नऊ टक्क्यांसाठी पैसे घालू नकोस, असंच मी म्हटलं असतं.

वॉटच्या हिशेबात चार्जर विसरू नका. डेलच्या या मशीनना ६५ आणि ९० वॉट असे दोन चार्जर येतात. ४५ वॉटची चिप, स्क्रीन आणि वर बॅटरी चार्ज होतेय, एवढं सगळं ६५ वॉटमध्ये बसवताना ओढाताण होते. ९० चा घ्या, आणि अस्सल घ्या. डेलचा बायोस चार्जर ओळखतो. ओळख पटली नाही तर बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेगही खाली ठेवतो. तेव्हा नवी चिप मंद वाटली तर आधी चार्जर बदलून बघा.

चौथ्या पिढीतही हाच विचार लागू होतो, आकडे तेवढे बदलतात. तिथे ३७ वॉटच्या चार कोअर चिपा आहेत, आय७-४७०२एमक्यू आणि आय७-४७१२एमक्यू. ४७०० आणि ४८००एमक्यू ४७ वॉटच्या. पातळ मशीनला पहिल्या दोन. एक्सएम आणि एमएक्स अक्षरांच्या चिपांच्या नादी लागू नका. त्या ५५ वॉटच्या वगैरे असतात, जाडजूड वर्कस्टेशनसाठी काढलेल्या. महागही असतात.

प्रोसेसर बदलून जे मिळत नाही

अंगभूत ग्राफिक्स बदलत नाही. त्या मुलाच्या आय-फाइव्हमध्येही इंटेल एचडी ४००० होतं आणि नव्या आय-सेव्हनमध्येही तेच. ब्लेंडर ४.० पासून ओपनजीएल ४.३ (ग्राफिक्स दाखवायची एक पद्धत) लागतं आणि एचडी ४००० तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून तो मुलगा ब्लेंडर ३.६ वरच राहिला. त्याला हे मी पैसे घेण्याआधी सांगितलं होतं. तसंच, तिसऱ्या पिढीच्या कुठल्याच चिपेत एव्हीएक्स२ (जलद आकडेमोडीच्या सूचनांचा संच) नाही, ते चौथ्या पिढीत आलं. तुमचं सॉफ्टवेअर एव्हीएक्स२ मागत असेल तर त्याच पिढीतली सगळ्यात महाग चिप घालूनही ते चालणार नाही.

आणि विंडोज ११. त्याला चालणाऱ्या चिपांच्या यादीत इंटेलच्या चिपा ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होतात, सुट्या चिपा चौथ्या पिढीला संपल्या. त्यामुळे प्रोसेसर बदलून जुना लॅपटॉप विंडोज ११ च्या यादीत नेता येईल, असं एकही मशीन नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनवर मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम घालून देते. पण ज्यांचं काम टॅलीवर किंवा फक्त विंडोजवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यांना सरळ सांगते, यात पैसे घालू नका, आठव्या पिढीचं जुनं मशीन बघा.

चिप विकत घेताना

पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, किंवा ऑनलाइन. कुठूनही घ्या, चिप जुन्या मशीनमधून काढलेलीच असणार आणि त्यात गैर काही नाही. प्रोसेसर सहसा झिजत नाही, पिना मात्र वाकतात. वरून आणि खालून, दोन्ही बाजूंचे फोटो मागा. वरच्या बाजूला एस ने सुरू होणारा पाच अक्षरांचा कोड असतो, आय५-३३२०एम वर एसआर०एमएक्स असतो तसा. तो कोड शोधून बघितला की चिप नेमकी कुठली आणि पिनांची की चिकटवायची, दोन्ही कळतं. आय७-३६३२क्यूएम सुद्धा दोन्ही प्रकारांत आली होती, म्हणून तिच्या बाबतीत हे कराच. एस ऐवजी क्यू ने सुरू होणारा कोड असेल आणि इंटेल कॉन्फिडेन्शियल असं छापलेलं असेल, तर ती चाचणीसाठी काढलेली चिप. कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, बायोस तिला ओळखेलच असं नाही.

किमतीबद्दल माझा अंदाज असा: चिपेची किंमत त्या लॅपटॉपच्या आजच्या बाजारभावाच्या चौथ्या हिश्श्याच्या वर गेली की मी ग्राहकाला थांबवते.

बसवताना

जुनी चिप आत असतानाच बायोस शेवटच्या आवृत्तीवर न्या. नंतर नवी चिप ओळखली नाही तर अपडेट करायलाही मशीन चालू होणार नाही. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याआधी तो थांबवून ठेवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या.

चार्जर काढा, बॅटरी काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. हीटसिंकच्या स्क्रूंजवळ १, २, ३, ४ असे आकडे छापलेले असतात. त्याच क्रमाने, प्रत्येक थोडा थोडा सैल करत जा. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली जुनी थर्मल पेस्ट सुकून चिकटलेली असेल तर हीटसिंक उपसू नका, हलकेच डावी-उजवीकडे फिरवा, सुटते. ग्राफिक्स चिपेवर किंवा तिच्या मेमरीवर मऊ पॅड असतील तर ते जिथले तिथेच राहू द्या. त्यांच्या जागी पेस्ट लावू नका, कारण ती फट पेस्टने भरत नाही.

सॉकेटचा स्क्रू चपट्या पेचकसाने उघड्या कुलपाच्या चित्राकडे फिरवा. फिरवताना चिप बोटाने मधोमध हलकी दाबून धरा. फिरवून झालं की चिप सरळ वर उचला, तिरकी नाही. नवी चिप उजेडात आडवी धरून पिनांच्या रांगा बघा. एखादी रांगेबाहेर असेल तर लगेच दिसते. चिपेच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो. तो सॉकेटवरच्या खुणेच्या कोपऱ्याला आला की चिप स्वतःच्या वजनाने आत बसते. बसली नाही तर दाबू नका. उचला आणि दिशा पुन्हा बघा. मग कुलूप बंद.

लॅपटॉपच्या चिपेवर डेस्कटॉपसारखं धातूचं झाकण नसतं, मधला काचेसारखा चकचकीत भाग उघडाच असतो. त्यावर पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी घ्या आणि पातळ पसरवून सगळा भाग झाका. पंखा आणि जाळीतली धूळ आत्ताच काढा. धूळ तशीच ठेवून नवी चिप घातली तर सगळी मेहनत फुकट जाते.

पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन थोडा वेळ काळी राहू शकते, घाबरून बंद करू नका. बायोसमध्ये चिपेचं नाव आणि चार कोअर दिसले की विंडोजमध्ये तापमान आणि वेग दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा. लिनक्स असेल तर सेन्सर्स आणि एलएससीपीयू या कमांड. मग तुमचं खरं काम लावा, रेंडर असेल तर रेंडर, आणि अर्धा तास चालू द्या. तापमानापेक्षा मी चिप किती गिगाहर्ट्झवर चालतेय ते जास्त बघते. या चिपांची मर्यादा १०५ अंश सेल्सिअस आहे आणि पूर्ण लोडवर नव्वदीच्या आत राहिलं तर मला चालतं. पण वेग चिपेच्या मूळ आकड्याच्या खाली, म्हणजे ३६३२क्यूएमचा २.२ च्या खाली गेला, तर हीटसिंक कमी पडतेय, पेस्ट नीट पसरली नाही किंवा चार्जर पुरत नाही. तिन्ही तपासा, याच उलट्या क्रमाने, कारण चार्जर बदलून बघणं सगळ्यात सोपं.

काढलेली चिप मुलांनी खेळायला नेऊ नये. पिना खाली करून अँटीस्टॅटिक फोममध्ये रोवा, प्लास्टिकच्या छोट्या डबीत घाला आणि वर मशीनचं नाव लिहा. पुढे कधी लॅपटॉप चालू होईनासा झाला, तर दोष नव्या चिपेत आहे की बोर्डात, हे तीच चिप परत बसवून कळतं.